वाटायचंच तर शाईपेन वाटा

सोलापुरात पेनं वाटायचे दोन मोठे हंगाम असतात. जूनमध्ये शाळा उघडल्या की तरुण मंडळं, पतसंस्था, पुढारी, माजी विद्यार्थी यांचं शालेय साहित्य वाटप सुरू होतं. दुसरा हंगाम १४ एप्रिलचा. त्या दिवशी हार-फुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करायची रीत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. अधूनमधून कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं पुण्यस्मरण, एखाद्या गणेश मंडळाकडे उरलेली वर्गणी. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. हार संध्याकाळी कोमेजतो, वही पोराच्या दप्तरात जाते. आई विड्या वळते आणि बाप यंत्रमागावर पाळी करतो, अशा घरात जूनचा खर्च किती जड जातो हे मी शिक्षिका म्हणून दरवर्षी पाहते. या वाटपाची किंमत मला कुणी समजावून सांगायला नको.

पण वाटपाचा खोका एकदा उघडून बघा. त्यात घाऊक बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारी, वापरून फेकायची बॉलपेनं असतात. काही पहिल्याच ओळीला अडखळतात. काहींची शाई निम्मी असतानाच गोळी अडकते. मुलं ती तळहातावर घासतात, फुंकर मारतात, दोन तळव्यांमध्ये धरून रवी घुसळल्यासारखी फिरवतात आणि मग बाकाखाली टाकून देतात. पंधरा दिवसांनी त्या मुलाकडे पुन्हा पेन नसतं, आणि ज्यानं पैसे खर्च केले त्याला हे कधी कळतही नाही.

माझं म्हणणं असं आहे: पाचवीच्या पुढच्या मुलाला दहा बॉलपेनं देण्यापेक्षा एक साधं, भारतीय बनावटीचं शाईपेन द्या आणि वर्गाला मिळून शाईची एक दौत द्या. आणि ज्या शाळांच्या सूचनापत्रकात ‘शाईपेन आणू नये’ अशी ओळ आहे, त्यांनी ती काढावी. सक्ती कुणावरच नको. ज्याला हवं त्याला मिळावं, आणि ते वापरायचं कसं हे शाळेनं शिकवावं, एवढीच मागणी आहे.

ही मागणी ऐकली की लोक दोन तऱ्हांनी बोलतात. काहींना लगेच स्वतःचं बालपण आठवतं, निळे हात, निळे खिसे. दुसरे म्हणतात, ‘बाई, कुठल्या काळात आहात?’ दोघांच्याही लेखी शाईपेन ही गेलेल्या दिवसांची गोष्ट आहे. मला त्या दिवसांशी कर्तव्य नाही. आज सहावीत बसलेल्या मुलीच्या हाताला कोणतं साधन बरं पडेल, तिच्या आईच्या पैशाला कोणतं परवडेल आणि आपल्या गावाच्या कचऱ्यात कशानं कमी भर पडेल, एवढंच मी विचारते आहे.

शाईपेनाची धास्ती घेणाऱ्याला ते चालतं कसं हे बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. निबच्या मधोमध एक चीर असते. चीर जिथे संपते तिथे, टोकावर, झिजू नये म्हणून कठीण मिश्रधातूचा बारीक ठिपका बसवलेला असतो. निबच्या पोटाशी काळी जीभ असते आणि त्या जिभेत केसाएवढ्या बारीक खाचा. शाई त्या खाचांतून, मग चिरेतून, केशाकर्षणानं टोकापर्यंत येते आणि कागदाला टेकताच कागद तिला ओढून घेतो. दाबायचं काही कारणच नसतं. मात्र आतून जेवढी शाई बाहेर पडते तेवढी हवा आत जावी लागते. नाहीतर शाई अडून बसते, किंवा एकदम गळते. हा हवा-शाईचा तोल जिभेतल्या खाचा सांभाळतात. न्यूयॉर्कच्या ल्युईस वॉटरमन यांना १८८४ मध्ये पेटंट मिळालं ते याच जिभेच्या रचनेसाठी. शाई पोटात बाळगणारी पेनं त्याआधीही बनत होती. पेट्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्यानं १८२७ मध्येच फ्रान्समध्ये तसं पेटंट घेतलं होतं. पण रोजच्या वापरात भरवसा ठेवावा असं पेन वॉटरमन यांच्यानंतर हाती आलं.

आता हेच सोलापूरच्या उन्हात बघू, कारण आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी इथे आहेत. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या वर्गात त्याहून जास्त. ड्रॉपरनं भरायच्या पेनात शाई संपत आली की आत हवेची पोकळी वाढते. हाताच्या ऊबेनं, खिशातल्या उष्णतेनं ती हवा फुगते आणि खालच्या शाईला ढकलते. मग टपकन थेंब पडतो आणि आपण म्हणतो, ‘पेन गळकं आहे.’ पेन गळकं नसतं, ते निम्म्याहून रिकामं असतं. उपाय अगदी साधा आहे: शाई अर्ध्याखाली गेली की भरून टाकायची, खिशात पेन निब वर करूनच ठेवायचं, आणि पेन बराच वेळ उन्हात किंवा दप्तरात आडवं पडलेलं असेल तर टोपण काढताना निब छताकडे धरायची. पाचवीच्या मुलाला या तीन गोष्टी एका तासात येतात. दुसरी तक्रार उलट बाजूची. उघडं ठेवलं की कोरड्या हवेत निब वाळते आणि पेन उठत नाही. तेव्हा विचार करायला थांबलात तर टोपण लावा. तेही जमतं. तिसरी तक्रार मात्र खास आपली आहे. बोअरच्या जड पाण्यानं निब धुतली तर पाणी उडून जातं आणि क्षार खाचांत राहतात. धुवायला नळाचं पाणी चालेल, पण शेवटचा हात क्षार काढलेल्या, आरओच्या पाण्याचा असावा. वाटीभर पाणी पुरतं.

‘एवढी उठाठेव करायची कशाला? बॉलपेनला काही करावं लागत नाही,’ असं म्हणणारे पालक मला नेहमी भेटतात. त्यांच्यातल्या कित्येकांनी आयुष्य मागावर काढलेलं असतं. मागाला तेलपाणी लागतं, धोटा साफ ठेवावा लागतो, म्हणून कुणी मागाला नावं ठेवत नाही. पेनाचं तसंच आहे. आठवड्यातून पाच मिनिटं एखाद्या वस्तूकडे लक्ष द्यायची सवय अकरा वर्षांच्या मुलाला लागली तर त्यात वाईट काय आहे, हे मला खरंच कळत नाही.

मुख्य मुद्दा हाताचा आहे. बॉलपेनाच्या टोकाशी एक कठीण गोळी असते आणि तिच्यामागे दाट, तेलकट शाई. ती गोळी कागदावर घासून फिरली तरच शाई उतरते, आणि ती फिरावी म्हणून पेन दाबावं लागतं, उभं धरावं लागतं. स्वस्त पेनात गोळी नीट बसवलेली नसते, म्हणून आणखी दाबावं लागतं. कोणत्याही सातवीच्या वर्गात जा, एखादी वही उचला, लिहिलेलं पान उलटं करा आणि मागून बोट फिरवा. अक्षरं हाताला लागतात. कित्येकांची तिसऱ्या पानापर्यंत उमटलेली असतात. मग त्या मुलाची बोटं बघा. मधल्या बोटाच्या पहिल्या पेराला घट्टा पडलेला असतो, अंगठा पेनावर आडवा आवळलेला असतो, नख पांढरं पडलेलं असतं. दहावीचा ऐंशी गुणांचा पेपर तीन तास चालतो. दुसऱ्या तासानंतर वर्गभर हात झटकणारी मुलं दिसतात. अभ्यास केलेली मुलगी शेवटचा प्रश्न उरकून टाकते, कारण बोटं वळेनाशी होतात. पर्यवेक्षक म्हणून उभं राहून हे पाहणं फार जिवावर येतं.

शाईपेन दाबून लिहिताच येत नाही. दाबलं तर निबचे दोन भाग फाकतात, रेघ फुगते, कागद खरवडला जातो, आणि लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. शिक्षकानं मागे उभं राहून ‘सैल धर, सैल धर’ म्हणायची गरज उरत नाही, पेनच ते सांगतं. पेन थोडं तिरकं धरावं लागतं, त्यामुळे मनगट टेकतं आणि हात बोटांऐवजी दंडापासून सरकू लागतो. पहिला पंधरवडा अक्षर बिघडतं, वेग कमी होतो. नंतर वेग परत येतो आणि दाब परत येत नाही. म्हणून दहावीच्या मुलाला फेब्रुवारीत नवं शाईपेन हाती देऊ नका. ज्यानं सहावी-सातवीपासून वापरलं आहे त्यालाच ते परीक्षेत साथ देईल.

इथे एक गोष्ट जपून सांगते, कारण शाईपेनाचे चाहते तिथे घसरतात. शाईपेन घेतलं की अक्षर मोत्यासारखं होतं, हे खरं नाही. अक्षर सरावानं होतं. बोरूला तिरका काप असायचा, म्हणून देवनागरीची जाड-बारीक वळणं त्यातून आपोआप उतरायची. बाजारातल्या साध्या शाईपेनाचं टोक गोल असतं, ते तसं करत नाही. तिरक्या कापाच्या निबा मिळतात, त्या सुलेखनाच्या तासाला जरूर वापराव्यात, पण भूगोलाची उत्तरं त्यांनी लिहिता येत नाहीत. हातानं लिहिल्यानं मजकूर जास्त लक्षात राहतो असं म्हणतात, त्यात तथ्य असेलही, पण ते पेन्सिलीलाही लागू आहे. मी शाईपेनाचा आग्रह धरते तो दाब कमी होतो म्हणून. तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

जेलपेनाचं काय, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. जेलची शाई लिहिताना पातळ होते, फारसं दाबावं लागत नाही, मुलांना ती पेनं आवडतात. हाताच्या दृष्टीनं जेलपेन बॉलपेनापेक्षा बरं, हे मी मान्य करते. पण ते संपतं फार लवकर. भरपूर लिहिणारी मुलगी आठवड्या-दोन आठवड्यांत एक पेन संपवते. रिफिल मिळते, पण पुष्कळदा रिफिलच्या आणि नव्या पेनाच्या किमतीत फरक इतका थोडा असतो की कुणी रिफिल घेत नाही. जिच्या घरी पेनासाठी पैसे मागायलाही जीव गोळा करावा लागतो, तिला जेलपेन परवडत नाही.

शाईचा हिशोब करून बघा. दौत साठ मिलिलिटरची असते. ड्रॉपरनं भरायच्या साध्या पेनात दोन-अडीच मिलिलिटर शाई मावते. म्हणजे एका दौतीत पेन पंचवीसेक वेळा भरतं, आणि बारीक निबेचं पेन एकदा भरलं की शाळेचा आठवडा सहज निघतो. दौतीची किंमत दोन-तीन जेलपेनांएवढी. एकट्या मुलाला ती पाच-सहा महिने पुरेल. वर्गात ठेवली तर सगळ्यांची अडीनड भागेल.

डागांचं भय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात, पिंपं भरून ठेवून आठवडा काढणाऱ्या बाईला मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळा डाग दिसला तर तिनं संतापावं नाही तर काय? शाळांनी बंदी घातली ती याच आयांच्या तक्रारींवरून, आणि त्या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यावर तोड आहे. दौतीवर काय लिहिलं आहे ते वाचून शाई घ्या. धुता येणारी रॉयल ब्लू ही पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. ओली असतानाच डाग साध्या पाण्याखाली धरला तर बहुतेक निघून जातो. ‘परमनंट’ लिहिलेली शाई शाळेत येऊच देऊ नये. आणि पेन भरायचं ते शाळेतच, ठरलेल्या टेबलावर, खाली जुना टॉवेल अंथरून. सोलापुरात कोणत्या घरात जुना टॉवेल नाही? घरी दौत नेली नाही की सांडायचा प्रश्न मिटला. बसमधून, सायकलवरून दप्तरात दौत नेणं हेच मुळात सगळ्या अपघातांचं मूळ होतं.

भरताना मी मुलांकडून काय करून घेते ते सांगते, म्हणजे कुणा शिक्षकाला उपयोग होईल. टोपण बाजूला, उलटं. निबचा भाग पिळून सुटा करायचा आणि तो टॉवेलवर ठेवायचा, बाकावर नाही. ड्रॉपर दौतीत बुडवून रबर सोडायचं, दोनदा. पेनाच्या नळीत शाई काठोकाठ घालायची नाही, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जागा सोडायची. निबचा भाग परत पिळून बसवायचा, पण आवळून नाही, कारण आटे गेले की पेन गेलं. कापडानं पकड पुसायची. निब खाली करून धरायचं, शाई टोकापर्यंत यायला वेळ द्यायचा, आणि मग रद्दी कागदावर एक वेलांटी, एक उकार. जोरात झटकायचं नाही. झटकणाऱ्याची त्या आठवड्याची पाळी जाते. पहिल्या दिवशी गोंधळ होतो, दुसऱ्या आठवड्यात मुलं एकमेकांना शिकवू लागतात. एक मुलगा, जो वर्गात तोंड उघडत नाही, तो अडलेल्या निबा काढून पाण्यात खळबळवून परत बसवण्यात इतका तरबेज झाला की बाकीची त्याला ‘डॉक्टर’ म्हणायला लागली.

डावखुऱ्या मुलांची अडचण खरी आहे. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्यांचा हात ओल्या अक्षरांवरून फिरतो. बारीक निब, वही जरा तिरकी, हात ओळीच्या खाली, एवढ्यानं बऱ्याच जणांचं जमतं. नाही जमलं तर त्या मुलानं बॉलपेन वापरावं आणि त्याबद्दल कुणी त्याला चकार शब्द बोलू नये. कागदाची अडचण त्याहून मोठी. स्वस्त वह्यांचा कागद इतका पातळ असतो की शाई फुटते आणि मागे उतरते. वाटप करणाऱ्यांनी वह्या घेताना कागदाचं वजन विचारावं. सत्तर जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम भरणारा कागद शाई नीट पेलतो. पानं थोडी कमी मिळाली तरी चालेल.

ही सगळी चर्चा जगात पूर्वी उलट्या दिशेनं झालेली आहे. लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये बॉलपेनाचं पेटंट घेतलं, १९५० मध्ये फ्रान्समधल्या बिक कंपनीनं ते अगदी स्वस्त करून घराघरांत नेलं. पण त्याच फ्रान्सच्या शाळांत मुलांना बॉलपेन वापरायची परवानगी मिळाली १९६५ मध्ये. तोवर तिथल्या शिक्षण खात्याला हस्ताक्षर बिघडण्याची काळजी वाटत होती. जर्मनीत आजही कित्येक प्राथमिक शाळांत मुलं पेन्सिलीवरून शाईपेनावर येतात. लहान हातात नीट बसेल, बोटं जागच्या जागी टेकतील असं शाळकरी पेन तिथली पेलिकान कंपनी १९६० पासून बनवते, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळं मिळतं. श्रीमंत देशांनी शाईपेन मुलांच्या हाती ठेवलं आणि आपण ते काढून घेतलं. याची खंत वाटावी असं मला वाटतं.

आपल्याकडे तर ही वस्तू स्वदेशीच्या चळवळीतून आली. १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरचे चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले. त्याच वर्षी मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाई बनवायला घेतली, तीच पुढे कॅमलिन झाली. १९३४ मध्ये बंगालात सुलेखा शाई निघाली, परदेशी शाईला पर्याय म्हणून. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून पूर्ण देशी पेन बनवलं आणि १९३५ मध्ये गांधीजींनी ते वापरून, परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे असं पत्रानं कळवलं. ही पेनं आणि या शाया शाळामास्तर, कारकून, विद्यार्थी यांच्यासाठी होत्या. बाबासाहेबांना चांगल्या पेनांची आवड होती, आणि गावोगावच्या पुतळ्यांत त्यांच्या कोटाच्या खिशाला पेन असतं. ते पेन कशाचं प्रतीक आहे हे ज्यांनी वस्तीतल्या पोरांना समजावून सांगितलं, त्यांनीच त्या पोरांच्या हाती पंधरा दिवसांत मरणारं पेन ठेवावं, हे मला पटत नाही.

शाईपेन आता वेगळ्याच लोकांच्या ताब्यात चाललं आहे, तेही सांगायला हवं. मोठ्या शहरांत पेनांची प्रदर्शनं भरतात, हजारोंच्या, लाखांच्या किमतीची पेनं विकली जातात, चौदा आणि अठरा कॅरेटच्या सोन्याच्या निबांवर तासन्‌तास बोलणारे लोक आहेत. त्यांच्या आवडीला माझा विरोध नाही. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, कातीव पेन हाती धरलं की मलाही आनंद होतो. पण त्यामुळे एक समज पसरला आहे की शाईपेन म्हणजे हौसेची, पैसेवाल्याची वस्तू. सोन्याची निब हाताला थोडी मऊ लागते, यापलीकडे शाळकरी मुलाला तिचा काही उपयोग नाही. पोलादी निब वर्षानुवर्षं टिकते. आपल्या गावात शाईपेनाचं दुसरं स्थान म्हणजे सेवानिवृत्तीचा सत्कार: शाल, श्रीफळ आणि मखमली डबीतलं पेन. ती डबी कपाटात जाते आणि तिथेच राहते. माझी सोलापूरकरांना विनंती आहे, कपाटं उघडा. ती पेनं कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, निबमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा आणि जवळच्या शाळेत नेऊन द्या.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. कानकाड्या, स्ट्रॉ, चमचे, ताटल्या, फुग्यांच्या कांड्या त्या यादीत आहेत, फेकायची पेनं नाहीत. साठ मुलांचा वर्ग धरा, प्रत्येकाची महिन्याला दोन पेनं धरा, शाळेचे दहा महिने धरा: एका वर्गातून बाराशे पेनं. त्यांत प्लास्टिकची नळी, धातूचं टोक, उरलेली शाई असं एकत्र असतं, त्यामुळे भंगारवालाही ती घेत नाही. ती तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा डेपोत जातात आणि राहतात. शाईपेनही प्लास्टिकचंच असतं, पण ते पाच वर्षं दप्तरात राहतं. शाई भरूनच मिळणाऱ्या कार्ट्रिजच्या नळ्या टाळाव्यात, कारण त्याही शेवटी फेकूनच द्यायच्या असतात. ड्रॉपरनं भरायचं किंवा मागची फिरकी पिळून शाई ओढणारं पेन घ्यावं.

नवी पेठेत एका दुकानात मी वर्गासाठी शाई मागितली, तेव्हा दुकानदार म्हणाले, ‘काय ओ मॅडम, शाई मागायला आता वकील नाहीतर म्हातारी माणसंच येतेत. ठेवली तर तळाला गाळ बसतो बघा.’ त्यांचं खरं होतं. गिऱ्हाईक नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून नवं गिऱ्हाईक नाही. आज एकट्या पालकानं मुलासाठी शाईपेन घ्यायचं ठरवलं तर निब बदलून मिळत नाही, ड्रॉपर मिळत नाही, जीभ तुटली तर पेनच टाकावं लागतं. म्हणून ही सुरुवात सुट्या घरांतून होणार नाही, ती वाटपातूनच व्हायला हवी. एका शाळेनं शंभर पेनं, वीस जादा निबा आणि चार दौती एकदम मागवल्या की दुकानदार पुढच्या वेळी स्वतःहून माल ठेवतो.

जे वाटप करतात त्यांना काही ठोस सांगते. पेन बारीक निबेचं घ्या, कारण जाड निब पातळ कागदावर पसरते. टोपण आट्याचं असावं. दाबून बसणारं टोपण उन्हात सैल होतं. झगझगीत पितळी पेनं टाळा, ती लहान हाताला जड होतात. शाई पेनाचीच घ्या. चित्रकलेची काळी जलरोधक शाई पेनात घातली तर ती वाळून कडक होते आणि निब कायमची बंद पडते. हा घोटाळा वाटपात सर्रास होतो, कारण दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात. पेनावर देणगीदाराचं नाव छापायला हरकत नाही. बॉलपेनावरचं नाव पंधरा दिवसांत कचऱ्यात जातं, इथे ते दहावीपर्यंत मुलाच्या डोळ्यांसमोर राहील. त्याच्या शेजारी मुलाचं नाव कोरायला जागा सोडा, म्हणजे हरवलेलं पेन परत मिळेल.

शिक्षकांचीही तयारी करावी लागेल. तिशीच्या आतल्या कित्येक शिक्षकांनी स्वतः शाईपेन वापरलेलं नाही, आणि तो त्यांचा दोष नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या केंद्रावर शिक्षण परिषद होते, तिथे अर्धा तास यासाठी द्यावा: पेन भरणं, निब धुणं, पकड, डावखुऱ्या मुलाची वही. महापालिकेच्या शाळांनी प्रत्येकी एका वर्गात वर्षभर करून बघावं आणि जूनला आणि मार्चला त्याच मुलांच्या वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. पानाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं तरी उत्तर मिळेल.

आणि १४ एप्रिलच्या आयोजकांना: आवाहनाच्या फलकावर ‘एक वही, एक पेन’च्या खाली ‘शक्य असेल तर शाईचं’ एवढं लिहा. शंभरातल्या दहा जणांनी ऐकलं तरी एका वर्गाला सुरुवात करून देता येईल. फलकाचा मजकूर ठरवायची बैठक मार्चमध्ये होते. त्या बैठकीला वस्तीतल्या शाळेच्या एखाद्या बाईंना किंवा सरांना बोलवा आणि कुठल्या वर्गाला किती पेनं लागतील ते त्यांच्याकडून लिहून घ्या.